डोंगर रेषेत बसेना

तोरांग डोंगराचा फोटो मी रोज दोनदा काढते. सकाळी साडेसहाला आणि दुपारी चारला. अकरा वर्षं झाली. मानेहा बेटावर फोटोचं दुकान माझं एकटीचंच, त्यामुळे लग्नं, बारशी, मयती, ओळखपत्रं सगळं माझ्याकडेच येतं. एकदा नवरी नटून तासभर ताटकळली आणि मी इकडे किनाऱ्यावर डोंगरापुढे तिपाई लावून उभी होते. नवरीच्या आईने मला अजून माफ केलेलं नाही.

काम सोपं आहे असं सगळ्यांना वाटतं. तोरांग हा ज्वालामुखी. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या चौकीच्या लोकांनी उत्तरेच्या पुळणीवर सिमेंटचा एक ठोकळा बसवलाय, त्याला तीन खाचा आहेत. तिपाईचे तीन पाय त्या खाचांत ठेवले की कॅमेरा रोज त्याच जागी आणि त्याच उंचीवर येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवते. त्यावर बारीक शाईने डोंगराची कड काढलेली आहे. मधे शेंडा, उजवीकडे उतरण, डावीकडे खांदा. समोरचा डोंगर त्या रेषेत बसला की बटण दाबायचं आणि फोटो मोठ्या बेटावरच्या चौकीला पाठवायचा. डोंगर नऊ किलोमीटरवर, मधे नुसतं पाणी. तो रोज रेषेत बसतो, कारण डोंगराला दुसरं काय काम असतं?

त्या मंगळवारी तो बसला नाही.

आधी मी माझंच चुकलं असं धरलं. चष्मा पुसला. तिपाई काढून खाचांतली वाळू फुंकली आणि पाय पुन्हा ठेवले. प्लॅस्टिक सोलून पुन्हा चिकटवलं. शेंडा बरोबर शेंड्यावर आला. उजवी उतरण रेषेवरून सरळ खाली गेली. डावा खांदा मात्र रेषेच्या बाहेर होता, नखाच्या जाडीएवढा. पडद्यावर नखाएवढा म्हणजे तिकडे किती, हा विचार मनात आला आणि मी तो मधेच तोडला.

रविवारी पहाटेपासून तोरांगचा धूर बंद होता. धूर असला की आमचे लोक कुरकुरतात, कारण वाळत घातलेल्या जायपत्रीवर राख बसते आणि धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. त्यामुळे सगळे खूश होते. रविवारच्या प्रार्थनेत देवाचे आभारही मानून झाले. मला ते आवडलं नव्हतं. दिवसभर दंगा करणारं पोर एकदम गप्प झालं की आई हातातलं काम टाकून बघायला जाते, तसं मला त्या डोंगराकडे सारखं बघावंसं वाटत होतं.

"काय वहिनी, नवरदेव आज सरळ उभा राहीना का?"

योपी कॉफीचा पेला घेऊन आला होता. योपी म्हणजे माझ्या नणंदेचा, मैस्केचा नवरा. त्याला कामापेक्षा गप्पा जास्त.

"इकडे ये," मी म्हटलं. "डावीकडे बघ."

त्याने वाकून बघितलं. "प्लॅस्टिक सरकलं असेल."

"सरकलं असतं तर शेंडापण सरकला असता."

त्याने पेला वाळूत ठेवला. मग म्हणाला, "तिथल्या विहिरीचं पाणी कोमट लागत होतं."

"कुठल्या विहिरीचं?"

"डोंगरावरच्या. माडांच्या बागेतल्या. म्हणून तर आम्ही दोन दिवस आधी आलो."

तोरांगच्या पायथ्याशी, पलीकडच्या काठाला आमच्या लोकांच्या माडांच्या बागा आहेत. योपी आणखी सहा जणांबरोबर खोबरं वाळवायला आठवडाभरासाठी तिकडे गेला होता आणि बुधवारी परतायचा होता. त्याऐवजी सोमवारी रात्री ते सातही जण एकाच होडीतून परतले, योपी घरी येऊन जेवला आणि झोपला. माझा नवरा बेर्तुस तेव्हा घोरत होता. पहाटे तो उठला आणि कोणाशी एक शब्द न बोलता मासेमारीला निघून गेला. योपी परत आलाय हे त्याला माहीतच नव्हतं. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षातही आली नाही.

"मग काल का नाही सांगितलंस पाण्याचं?"

"सांगितलं की मैस्केला. ती म्हणाली, कामचुकार आहेस, काम टाकून यायला तुला बहाणा हवाच होता."

मी चौकीला फोन लावणार तोच फोन वाजला. विदुरी होती. ही चौकीवरची नवी अधिकारी, जावाहून आलेली, वयाने माझ्या मुलीएवढी. एरवी ती अगदी सावकाश बोलते, मला 'इबू' म्हणजे 'बाई' म्हणते.

"इबू नोर्चे, पहाटेपासून भूकंपाच्या यंत्राची सुई थांबत नाहीये. तुम्हाला काही दिसतंय?"

मी खांद्याचं सांगितलं. तिच्यामागे कोणीतरी जोरजोरात बोलत होतं.

"समुद्रात कोणी आहे का तुमचं?"

"माझा नवरा आहे."

"बोलवा त्यांना. आत्ताच्या आत्ता. गावप्रमुखांना मी फोन करते, सगळ्यांना टेकडीवर चढवा. इबू, तो खांदा सुटला तर पाण्यात पडेल, आणि तुमचा किनारा बरोबर त्याच्या समोर आहे."

बेर्तुस डोंगराच्या अलीकडे दोन किलोमीटरवर, खडकाळ तळावर गळ टाकून बसलेला होता. तिथे लाल मासा लागतो. मी लांब पल्ल्याचं भिंग लावलं तर त्याच्या होडीचं निळं छत ठिपक्याएवढं दिसतही होतं.

इथे आमच्या एका रीतीबद्दल सांगायलाच हवं. आमच्या कोळ्यांची पाण्यावरची बोली वेगळी आहे. पाय भिजले की जमिनीवरचे शब्द बंद. समुद्राला कान असतात, आपलं काय चाललंय ते त्याला कळू द्यायचं नाही. शार्कला 'पाहुणा' म्हणायचं. वादळाला 'लग्न' म्हणायचं. जाळं भरलं तर 'पोतं फाटलं' म्हणायचं. तोरांगला 'घर' म्हणायचं, म्हणजे आत जो कोणी राहतो त्याचा मान राहतो. आणि आपलं गाव, चूल, बायकापोरं या सगळ्याला मिळून 'दगड', कारण दगडाच्या मागे लागायचं कोणाला सुचणार नाही. माणसाचं नाव तर पाण्यावर कधीच घ्यायचं नाही. समुद्राने एकदा नाव ऐकलं की तो ते विसरत नाही म्हणतात.

मी शाळामास्तरांची मुलगी, मोठ्या बेटावर वाढलेली. मी हे सगळं थट्टेवारी नेलं. "तुझ्या समुद्राला माझ्या बापाच्या शाळेत घाल," असं मी बेर्तुसला म्हणायचे, "दोन शब्द नीट शिकेल." तो हसायचा. पण होडीत बसला की सरळ शब्द तोंडातून काढायचा नाही. मी रोखठोक बोलते म्हणून सगळ्या गावाला टोचते, आणि मला त्याचा जरा अभिमानही होता.

रेडिओचा संच मैस्केच्या ओसरीवर असतो. होड्यांशी बोलायचं काम तिचं, आणि ती बोलायची ते अस्सल समुद्राच्या बोलीत. त्या दिवशी ती पहाटेच्या लाँचने जायफळं विकायला मोठ्या बेटावर गेली होती. मी पळत जाऊन संच आणला. कोरड्या वाळूत नुसती खरखर येत होती म्हणून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. लाट घोट्यापर्यंत येत होती.

बेर्तुसच्या होडीतला संच लहान होता, त्याचा आवाज आमच्यापर्यंत पोचत नाही. मधल्या पाण्यात ओपांचा तराफा नांगरलेला असायचा. बांबूचा तराफा आणि त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याएवढी खोपटी. तिच्या सावलीला मासे जमतात आणि ओपा त्यांची राखण करतात. सत्तरी उलटलेला माणूस, नाताळला आणि मयतीलाच जमिनीवर यायचा. सगळा गाव त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणायचा. इकडचे निरोप तिकडे तेच पोचवायचे.

"ओपा, ऐकू येतंय का?"

"येतंय. बोल पोरी."

"त्याला सांगा, ताबडतोब घरी जा म्हणावं. सगळं टाकून घरी जा."

"कोणाला?"

मी बेर्तुसचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ते बाहेर येईना. पाय पाण्यात होते. इतकी वर्षं ज्याची टिंगल केली ते नेमकं तेव्हा आडवं आलं. नाव घेतलं आणि खरंच काही झालं तर?

"तुमच्या पलीकडे गळ टाकून बसलाय त्याला," मी म्हटलं. माझंही नाव सांगितलं नाही.

"बरं. सांगतो."

वर चर्चची घंटा वाजायला लागली होती. बायका जायपत्रीच्या चटया तशाच टाकून पोरांना ओढत टेकडीकडे निघाल्या. मी धावत कॅमेऱ्याशी आले आणि भिंगाला डोळा लावला. निळं छत हललं. होडी वळायला लागली. माझा श्वास मोकळा झाला. होडी आडवी झाली, पण अजून वळतच राहिली. मग तिचं नाक तोरांगकडे झालं आणि मागे पांढऱ्या फेसाची शेपटी उठली. तो पूर्ण वेगात डोंगराकडे निघाला होता.

"हा कुठे चाललाय?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "योपी, हा तिकडे का चाललाय?"

योपीने भिंगातून बघितलं आणि माझ्याकडे वळला. "वहिनी, तू नेमकं काय सांगितलंस?"

"घरी जा म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "नाव सांगितलंस तुझं?"

"नाही."

"मग ओपांना वाटलं, मैस्के बोलतेय. आणि दादाला निरोप गेला, मैस्के सांगतेय, सगळं टाकून घरी जा." तो एकेक शब्द तोडून बोलत होता, जणू त्यालाही ते ऐकायचं नव्हतं. "दादाला वाटतंय मी अजून डोंगरावर आहे. तो मला आणायला चाललाय."

पाण्यावर 'घर' म्हणजे तोरांग, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या गावातल्या चार वर्षांच्या पोरालाही ते माहीत असतं. पण भ्यायलेल्या माणसाच्या तोंडून लहानपणीचाच शब्द निघतो. नाव घ्यायचं नाही हा अर्धा नियम मी पाळला आणि उरलेला अर्धा विसरले. पूर्ण पाळला असता किंवा पूर्ण मोडला असता, तर माझा नवरा त्या वेळी आमच्या दिशेने येत असता.

मी पुन्हा संच उचलला. बटण दोनदा निसटलं.

"ओपा, घर नाही. दगड. त्याला दगडाकडे वळायला सांगा."

खरखर आली. मग ओपांचा आवाज. "सांगितलं. तो म्हणतो, घरातला माणूस घेतो आणि वळतो."

"घरात कोणी नाहीये. तो माणूस इथे दगडावर आहे."

पुन्हा खरखर. या वेळी जास्त वेळ गेला.

"तेही सांगितलं. तो विचारतो, कोणता माणूस. सात जण गेले होते म्हणे. पोरी, पाण्यावर माणूस म्हणजे कोणीही. मी आणखी काय सांगू त्याला?"

योपीने भिंगातून मान वर केली. तोरांगच्या डाव्या खांद्यावरून, पाण्यापासून बरीच वर, एक पांढरी रेघ फुटली होती. वाफ होती ती. उकळत्या पातेल्याच्या झाकणाखालून येते तशी ती कडेकडेने सरकत चालली होती. निळा ठिपका बरोबर तिच्याखाली जात होता.

"ओपा," मी म्हटलं, "मी मैस्के नाही. मी नोर्चे. मास्तरांची नोर्चे. चूक माझी झाली. मी जमिनीवरचं बोलले."

मग ओपा म्हणाले, "तरीच."

"नाव घ्या ओपा. तुम्ही त्याचं नाव घ्या, योपीचं घ्या, सरळ सांगा. बोलीत सांगून तो वळायचा नाही."

"साठ वर्षं पाण्यावर आहे मी," ते म्हणाले. "एकदाच नाव घेतलं. माझ्या थोरल्याचं. लग्नात तो दिसेना म्हणून हाक मारली."

त्यांचा थोरला मुलगा वादळात गेला हे मला ठाऊक होतं. हाकेचं ठाऊक नव्हतं. मी रडायला लागले. माझ्यासारखी बाई, जिने त्या सगळ्याला अडाणीपणा म्हटलं, तीच त्या म्हाताऱ्याकडे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मागत होती, आणि मागायची थांबत नव्हती.

"ओपा, पाया पडते तुमच्या."

"रडू नकोस. बटण सोड आणि ऐक."

मी बटण सोडलं. खरखरीतून त्यांचा आवाज आला. तो आमच्यासाठी नव्हता, पलीकडच्या होडीसाठी होता. सावकाश आणि मोठ्याने, जमिनीवरच्या साध्या बोलीत.

"बेर्तुस. बेर्तुस बावोले. योपी डोंगरावर नाही. सगळे परत आलेत. योपी गावात आहे, तुझ्या नोर्चेच्या शेजारी उभा आहे. डोंगर फुटतोय. माघारी फीर."

मग एक क्षण थांबून, अगदी हळू आवाजात, ते म्हणाले, "आणि मी एलिआझार. हेही ऐकून ठेव."

ते बेर्तुसला नव्हे, समुद्राला उद्देशून होतं. योपीने मान खाली घातली. त्यांचं नाव गावात कोणी घेत नसे, मी तर ते फक्त त्यांच्या ओळखपत्राच्या फोटोमागे लिहिलं होतं.

भिंगात निळं छत थांबलं. फेसाची शेपटी विरली. मग होडी पुन्हा वळली, आणि या वेळी तिचं नाक आमच्याकडे आलं. माझ्या बोटाने बटण दाबलं. का दाबलं ते सांगता येणार नाही, अकरा वर्षांची सवय. संचावर ओपा बोलतच होते. "पश्चिमेला घे. खोल पाण्यात घे. किनाऱ्याकडे जाऊ नकोस, लाट उथळात उभी राहते. पश्चिमेला."

"वहिनी, चल," योपी म्हणाला.

"थांब."

"वहिनी."

मी डोळा भिंगाला लावून होते तेव्हाच खांदा सुटला. आवाज झाला नाही. म्हणजे झाला असेल, पण यायला वेळ लागतो. डोंगराचा डावा भाग नुसता खाली बसला, जसं पोत्यातलं धान्य बसतं, आणि त्याच्या जागी आकाश दिसलं. मग काळा ढग फुगत वर गेला आणि पायाशी पाण्याची एक पांढरी कड उठली. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं. योपीने मला दंडाला धरून ओढलं. कॅमेरा मी उपसून छातीशी घेतला, तिपाई तिथेच राहिली. संच योपीच्या हातात होता आणि त्यातून ओपांचा आवाज अजून येत होता. "पश्चिमेला, पोरा. असाच. असाच." टेकडीच्या पहिल्या वळणावर तो आवाज थांबला.

लाट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आली. आम्ही वरून बघत होतो. सिमेंटचा ठोकळा, मैस्केची ओसरी, माझं दुकान, सगळ्यावरून पाणी गेलं आणि परत जाताना जे उचलता आलं ते घेऊन गेलं. माणूस एकही गेला नाही, घंटा वेळेवर वाजली होती. मग राख आली आणि सकाळी नऊ वाजता अंधार झाला. दोनशे माणसं त्या टेकडीवर तोंडाला ओली फडकी बांधून बसली होती. म्हाताऱ्या प्रार्थना पुटपुटत होत्या. मला देवाला काय मागावं तेच सुचेना. मागायलाही बेर्तुसचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मला आता कुठलंही नाव उच्चारायची भीती वाटत होती. मी नुसती दातावर दात दाबून बसले. आयुष्यात एवढी भ्याले नव्हते, आणि तेव्हापासून ती भीती पूर्ण गेलेली नाही.

दुपारी राख विरळ झाली. तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून एक होडी वल्हवत आली. छत निळं नव्हतं, राखेने पांढरं झालं होतं. आत बसलेला माणूसही पांढरा होता. मी चिखलातून पाण्यापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. बेर्तुसने माझ्याकडे बघितलं, मग योपीकडे बघितलं, आणि योपीच्या थोबाडीत एक ठेवून दिली. मग त्यालाच मिठी मारून रडला.

"खाली पाणी फुगलं," तो नंतर म्हणाला. "होडी वर गेली, खाली आली, बस. म्हाताऱ्याने सांगितलं तिथे होतो म्हणून." आणि लगेच विचारलं, "ओपा आले का?"

ओपा आले नाहीत. तीन दिवस सगळ्या होड्या शोधत होत्या. तराफ्याचे चार बांबू आणि नांगराचा दोर सापडला. ओपांची वल्ह्याची छोटी होडी त्या बांबूंना बांधलेलीच होती. गाठही सोडलेली नव्हती. ते शेवटपर्यंत रेडिओपाशीच बसून होते.

डोंगर का सरकला, लाट कशी उठली, ते विदुरीने मला कागदावर आकृती काढून समजावलं. मला सगळं समजलं. लाटेला भाषा येत नाही, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण ज्या माणसाने पाण्यावर चार नावं घेतली, त्यातलं शेवटचं त्याचं स्वतःचं होतं आणि तेवढंच गेलं, हे काही माझ्या मनातून जात नाही.

ओपांसाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली तेव्हा लोक आपसात बोलत होते की म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, किनाऱ्यावरून कोणीतरी दिलेला निरोप त्याने चुकीचा पोचवला. बेर्तुसही तेच म्हणाला. "चुकला, पण वाचवलंही त्यानेच." मैस्के छाती बडवून म्हणत होती की मी त्या दिवशी रेडिओपाशी असते तर असं झालं नसतं. योपीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. त्याने तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी, रोखठोक बोलणारी. अकरा दिवस मी एका मेलेल्या माणसावर माझी चूक राहू दिली. रात्री बेर्तुस झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवायचे आणि ठरवायचे की उद्या सांगेन. त्याने हात झटकला तर काय करायचं, या भीतीने उद्या पुन्हा गप्प राहायचे.

बाराव्या दिवशी चौकीचे लोक ठोकळा पुन्हा बसवून गेले. चारच्या फोटोसाठी मी नवी तिपाई लावली. जुनं प्लॅस्टिक आता कशाचंच राहिलं नव्हतं. डावीकडे रेषा आकाशातून जात होती. मी नवा तुकडा चिकटवला आणि बारीक शाईने, आहे तशा डोंगराची कड काढायला घेतली. बेर्तुस शेजारी पाण्यात उभा राहून होडी घासत होता.

"बेर्तुस," मी म्हटलं. किनाऱ्यावर, पाण्यापासून दोन हातांवर उभी राहून मी त्याचं नाव घेतलं. त्याने दचकून वर बघितलं.

"ओपा चुकले नव्हते. त्यांना नीट ऐकू आलं होतं. जे सांगितलं तेच त्यांनी तुला सांगितलं."

"मैस्के तर इथे नव्हती."

"मी होते."

त्याचा हात थांबला. "तू तर रेडिओला कधी हातही लावत नाहीस."

"भ्याले होते रे. तू यावास म्हणून बोलले. जमिनीवर म्हणतात तसं 'घर' म्हटलं."

तो डोंगराकडे बघत राहिला. बुटका झालेला, डावा खांदा गेलेला डोंगर. लाटा बेर्तुसच्या पोटऱ्यांवर येत होत्या. मी शाईची लेखणी धरून उभी होते. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"त्यांनी सांगितलं, तुझ्या नोर्चेच्या शेजारी," तो शेवटी म्हणाला. "मला तेव्हा वाटलं, म्हातारा तुझं नाव का घेतोय. त्यांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं."

"आणि तरी मला काही बोलले नाहीत. इतका वेळ बोलत होते. पश्चिमेला घे, असाच, असाच. एकदाही म्हणाले नाहीत की तुझ्या बायकोने घोळ घातला."

मला रडू आवरेना. तो पाण्यातून बाहेर आला नाही. मीच पुढे गेले, चपला घातलेल्या पायांनी, त्याच्याजवळ पाण्यात. त्याने ओल्या हाताने माझ्या खांद्याला धरलं. आम्ही दोघं पाण्यावर होतो, म्हणून तो समुद्राच्या बोलीत बोलला.

"चल," तो म्हणाला. "दगडावर जाऊ. मैस्केला सांगायचंय आधी. मग सगळ्यांना."

चारचा फोटो त्या दिवशी साडेचारला गेला.